खेळाडूच्या हृदयाची टूडी इको: तपासणी कशी करून घ्यावी आणि अहवाल कसा वाचावा

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी मुलेमुली आता नवलाची राहिलेली नाहीत. पोलीस भरतीसाठी मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. त्याखेरीज सैन्यभरतीची तयारी करणारे, अर्धमॅरेथॉनला जाणारे आणि तालमीत घाम गाळणारे पहिलवान आहेतच. यांपैकी कोणाची कधी चक्कर आल्यामुळे, कधी ईसीजीत काही वेगळे दिसल्यामुळे, तर कधी केवळ खबरदारी म्हणून टूडी इको, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदयाचे हलते चित्र पाहण्याची तपासणी, केली जाते, आणि ‘डावे निलय किंचित विस्फारलेले’ किंवा ‘भिंती जाड’ असा अहवाल हाती पडतो (निलय म्हणजे हृदयाचा खालचा, रक्त बाहेर फेकणारा कप्पा). मग घरात दोनपैकी एक गोष्ट घडते. एकतर मुलाचे धावणे कायमचे बंद केले जाते, नाहीतर ‘खेळाडूंचे हृदय मोठेच असते’ असे म्हणून कागद कपाटात जातो. या दोन्ही चुका टाळता याव्यात, यासाठी खेळाडू, वस्ताद, क्रीडाशिक्षक आणि पालक यांच्याकरिता हे मार्गदर्शन लिहिले आहे. निदान अर्थातच हृदयरोगतज्ज्ञाने करायचे असते. मात्र तज्ज्ञापुढे योग्य माहिती ठेवणे आणि योग्य प्रश्न विचारणे हे खेळाडूच्या हाती असते, आणि अहवालाचा अर्थ पुष्कळदा त्यावरच ठरतो.

अहवालातील आकड्याशेजारी छापलेली ‘सामान्य मर्यादा’ ही प्रामुख्याने नियमित खेळ न करणाऱ्या प्रौढांच्या मोजमापांवरून ठरवलेली असते. म्हणून खेळाडूच्या बाबतीत तो आकडा एकटा वाचू नये. शरीराचा आकार, खेळाचा प्रकार, नाडीचा वेग आणि रक्तातील हिमोग्लोबिन या चार गोष्टी शेजारी ठेवूनच तो वाचावा.

सरावाने हृदयात काय बदलते

स्वीडनमधील वैद्य हेन्शेन यांनी १८९९ मध्ये बर्फावरून लांब अंतर घसरत जाणाऱ्या स्कीपटूंच्या छातीवर बोटांनी ठोकून, म्हणजे केवळ आवाजाच्या फरकावरून, त्यांचे हृदय मोठे असल्याचे ताडले होते. ध्वनिलहरींनी हृदय पाहण्याची सुरुवात त्यानंतर अर्ध्या शतकाने, १९५३ मध्ये, स्वीडनमधीलच लुंड येथे एडलर आणि हर्ट्झ यांनी केली. पुढे १९७५ मध्ये मॉर्गनरॉथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धावपटू व जलतरणपटू एका बाजूला आणि कुस्तीगीर व गोळाफेकपटू दुसऱ्या बाजूला ठेवून इकोने तुलना केली. पहिल्या गटात निलयाची पोकळी मोठी दिसली, तर दुसऱ्या गटात पोकळी फारशी न वाढता भिंती जाड दिसल्या.

यामागचे कारण समजण्यास अवघड नाही. धावताना हृदयाकडे परत येणारे रक्त अनेक पटींनी वाढते. सामान्य माणसाचे हृदय पूर्ण श्रमात मिनिटाला सुमारे २० लिटर रक्त फेकते, तर अव्वल दर्जाच्या धावपटूचे ३५ लिटरहूनही अधिक. वर्षानुवर्षे हा भार घेणारी पोकळी प्रशस्त होते आणि भिंतीही तिच्या प्रमाणात थोड्या जाड होतात. याउलट वजन उचलताना किंवा प्रतिस्पर्ध्याला रेटताना श्वास कोंडला जातो, रक्तदाब काही क्षण खूप चढतो आणि हृदयाला रक्ताच्या प्रमाणापेक्षा दाबाशी झुंजावे लागते. मात्र ही विभागणी ठोकळेबाजपणे लावू नये. आपल्याकडचा पहिलवान जोर-बैठका मारतो, पहाटे शेताच्या बांधाने पळतो आणि लाल मातीत तासभर लढतो, त्यामुळे त्याच्या हृदयावर दोन्ही प्रकारचा भार येतो आणि चित्रही बहुधा मिश्र दिसते. शिवाय काळाचाही संबंध असतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बैठे जीवन जगणाऱ्या १२ जणांना वर्षभर सहनशक्तीचा सराव दिला होता. त्यांच्या डाव्या निलयाचे वस्तुमान आधी वाढले, पोकळी मात्र पहिले सहा महिने जवळजवळ तशीच राहिली आणि नंतर वाढू लागली. उजवे निलय सुरुवातीपासूनच वाढत गेले. म्हणून भरतीसाठी तीन-चार महिने धावलेल्या मुलाचे डावे निलय ६० मिलिमीटर निघाले, तर त्याचे श्रेय सरावाला देता येणार नाही.

तपासणीआधीची तयारी

इकोसाठी उपाशी राहावे लागत नाही. परंतु वेळ विचारपूर्वक निवडावी. कठीण सराव, स्पर्धा किंवा कुस्तीचा फड झाल्यावर निदान एक संपूर्ण दिवस जाऊ द्यावा, कारण मॅरेथॉनसारख्या दीर्घ श्रमानंतर विशेषतः उजव्या निलयाचे आकुंचन तात्पुरते मंदावलेले दिसते. खानदेशात दुसरा प्रश्न उन्हाळ्याचा आहे. भुसावळ-जळगाव पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि सकाळी धावून, पुरेसे पाणी न पिता दुपारी तपासणीला गेलेल्या खेळाडूच्या शरीरात पाणी कमी असते. अशा वेळी पोकळी आहे त्याहून लहान आणि भिंती आहेत त्याहून जाड भासतात. वजनगट गाठण्यासाठी पाणी तोडलेल्या पहिलवानाला हे अधिकच लागू आहे, म्हणून कुस्तीगिराची इको वजन उतरवण्याच्या आठवड्यात करूच नये.

सोबत एका कागदावर सरावाचा तपशील लिहून न्यावा: किती वर्षांपासून, आठवड्यात किती तास, त्यात धावणे किती, वजने किती, मातीतला सराव किती. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी मोजलेली नाडी त्यावर नोंदवावी. उंची आणि वजन त्याच दिवशी मोजून घ्यावे. अंदाजाने सांगितलेल्या वजनामुळे पुढची सारी गणिते चुकतात. कुटुंबाची माहिती विचारून घ्यावी, आणि ती नुसती ‘घरात हृदयविकार आहे का’ अशी विचारू नये, कारण त्याचे उत्तर बहुधा ‘नाही’ असेच येते. चाळिशीच्या आत कोणी झोपेत गेले का, शेतात काम करताना अचानक कोसळले का, चांगले पोहता येणारा कोणी विहिरीत बुडाला का, असे विचारावे. उत्तम पोहणाऱ्याचे अनपेक्षित बुडणे हे हृदयाच्या विद्युत्प्रवाहातील आनुवंशिक दोषाचेही लक्षण असू शकते, आणि गावात त्याची आठवण केवळ अपघात म्हणून राहिलेली असते.

व्यायामशाळेत मिळणारी पावडर, गोळ्या किंवा इंजेक्शने घेतली असतील तर ती डॉक्टरांना एकांतात, पण स्पष्टपणे सांगावी. स्नायू वाढवणाऱ्या स्टेरॉइडमुळे भिंती जाड होतात आणि त्यांचे काम मात्र खालावते. हे लपवले तर डॉक्टर भलत्याच आजाराच्या शोधात जातात. यांखेरीज ईसीजी आणि रक्ताची साधी तपासणी आधी करून तिचे कागद बरोबर न्यावेत. रक्ताचा मुद्दा पुढे सविस्तर येतो.

तपासणीच्या टेबलावर

खेळाडूला डाव्या कुशीवर, डावा हात डोक्याकडे घेऊन झोपवले जाते, छातीवर ईसीजीच्या तारा आणि जेल लावले जाते आणि अधूनमधून श्वास सोडून रोखून धरण्यास सांगितले जाते. मुलींनी स्त्री मदतनीस असावी अशी विनंती आधीच करावी. त्यात संकोचाचे कारण नाही. काळजीपूर्वक केलेल्या तपासणीला सहज अर्धा तास लागतो.

मोजमापात सर्वांत जास्त गफलत भिंतीच्या जाडीची होते. ध्वनिलहरींची रेषा भिंतीला काटकोनात न जाता तिरपी गेली, किंवा दोन निलयांमधल्या पडद्याला चिकटलेला उजव्या बाजूचा स्नायूचा पट्टा मोजमापात धरला गेला, तर ११ मिलिमीटरचा पडदा १३ मिलिमीटरचा होऊन बसतो, आणि खेळाडूच्या बाबतीत याच दोन मिलिमीटरवर बरेच काही अवलंबून असते. म्हणून ‘जाडी १३ किंवा अधिक आली तर कृपया आडव्या छेदातही मोजून पाहावी’ अशी विनंती नम्रपणे करण्यास हरकत नाही. तपासणीच्या वेळची नाडी आणि रक्तदाब अहवालात नोंदवले जातील, टिश्यू डॉप्लर (स्नायूच्या हालचालीचा वेग मोजणे) केले जाईल, यंत्रात सोय असल्यास स्ट्रेन (आकुंचनात स्नायू किती टक्के आखडतो ते) मोजला जाईल, आणि महाधमनीचे (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचे) मूळ, झडपा व हृदयधमन्यांची (हृदयाच्याच स्नायूला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांची) उगमस्थाने पाहिली जातील, हेही विचारून घ्यावे. तरुण खेळाडूच्या अचानक मृत्यूच्या कारणांत हृदयधमनीचा चुकीच्या जागी असलेला उगम हे एक कारण आहे. सडपातळ धावपटूत तो बहुधा इकोने दिसू शकतो, पण मुद्दाम पाहिला तरच.

आकडे कसे वाचावेत

पहिला आकडा डाव्या निलयाच्या प्रसरणावस्थेतील व्यासाचा असतो. अहवालात तो एलव्हीआयडीडी या अक्षरांपुढे दिलेला असतो. पुरुषांत साधारण ४२ ते ५८ आणि स्त्रियांत ३८ ते ५२ मिलिमीटर ही मर्यादा धरली जाते. इटलीतील अव्वल खेळाडूंच्या १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १३०९ जणांच्या अभ्यासात पुरुषांमध्ये हा व्यास ७० आणि स्त्रियांमध्ये ६६ मिलिमीटरपर्यंत गेलेला आढळला आणि १४ टक्के खेळाडूंत तो ६० किंवा अधिक होता. हे आकडे वाचून आपल्याकडच्या बारीक अंगकाठीच्या मुलाला ६० मिलिमीटर ‘चालते’ असे मानू नये. ते उंच, धिप्पाड आणि वर्षानुवर्षे सराव केलेले राष्ट्रीय दर्जाचे युरोपीय खेळाडू होते.

येथे शरीराचे पृष्ठफळ उपयोगी पडते. सेंटिमीटरमधील उंचीला किलोमधील वजनाने गुणावे, ३६०० ने भागावे आणि वर्गमूळ काढावे. उत्तर चौरस मीटरमध्ये येते. उदाहरणादाखल १६८ सेंटिमीटर उंचीचा, ५६ किलोचा धावपटू घेऊ. त्याचे पृष्ठफळ १.६२ येते. त्याचा निलयव्यास ५४ मिलिमीटर आणि दोन्ही भिंती (पडदा व पाठची भिंत) १० मिलिमीटर आहेत, म्हणजे तिन्ही आकडे छापील मर्यादेत बसतात. तरीही यंत्र निलयाचे वस्तुमान सुमारे २०७ ग्रॅम काढते आणि पृष्ठफळाने भागल्यावर ते चौरस मीटरला १२८ ग्रॅम होते, जे पुरुषांच्या ११५ ग्रॅमच्या मर्यादेपलीकडे आहे. आता पाठीमागच्या भिंतीची जाडी दुप्पट करून व्यासाने भागावी: २० भागिले ५४, म्हणजे ०.३७. हा आकडा ०.४२ च्या खाली असल्याने वाढ पोकळीच्या बाजूने झाली आहे असे म्हणतात आणि अहवालात ‘एक्सेंट्रिक हायपरट्रॉफी’ हे भीतिदायक शब्द छापले जातात. आठवड्याला आठ-दहा तास धावणाऱ्याच्या बाबतीत हे चित्र अपेक्षितच आहे.

याच्या उलट १७० सेंटिमीटर उंचीचा, ८६ किलोचा पहिलवान पाहा. व्यास ५० मिलिमीटर, पडदा १२, पाठची भिंत ११. वस्तुमान सुमारे २२० ग्रॅम, म्हणजे धावपटूपेक्षा अधिक. पण पृष्ठफळ २.०२ असल्याने चौरस मीटरला ते १०९ ग्रॅमच भरते आणि मर्यादेत राहते. भिंत आणि पोकळी यांचे गुणोत्तर मात्र ०.४४, म्हणजे ०.४२ च्या वर येते, म्हणून अहवालात ‘कॉन्सेंट्रिक रिमॉडेलिंग’ लिहिले जाते. हे चित्र कुस्तीला साजेसे आहे, परंतु दुर्लक्षित उच्च रक्तदाबालाही तितकेच साजेसे आहे. त्यामुळे असा अहवाल आल्यावर पहिले काम म्हणजे वेगवेगळ्या दिवशी, विश्रांती घेऊन, दंडाच्या घेराला पुरेल अशा मोठ्या पट्ट्याने रक्तदाब मोजणे. पहिलवानाच्या जाड दंडाला नेहमीचा पट्टा लावल्यास दाब खोटा वाढलेला दिसतो, ही बाब दवाखान्यात पुष्कळदा सुटते.

दुसरा घोटाळा ईएफ या आकड्याचा. निलयातील एकूण रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर पडते, ते हा आकडा सांगतो. पुरुषांत ५२ ते ७२ आणि स्त्रियांत ५४ ते ७४ टक्के हे सामान्य मानतात. सहनशक्तीच्या खेळाडूत विश्रांतीच्या वेळी तो ५० ते ५५ टक्क्यांच्या घरात असणे विरळा नाही. विहिरीवर मोट मोठी असली की खेपा कमी लागतात आणि प्रत्येक खेपेला ती काठोकाठ भरावीही लागत नाही, तसेच हे आहे. आकड्यांतच पाहायचे तर, न खेळणाऱ्या माणसाच्या निलयात ९५ मिलिलिटर रक्त आणि ईएफ ६३ टक्के असेल, तर ठोक्याला ६० मिलिलिटर रक्त बाहेर पडते आणि मिनिटाला ७० ठोक्यांनी ४.२ लिटर होते. धावपटूच्या निलयात १४५ मिलिलिटर आणि ईएफ ५३ टक्के असेल, तर ठोक्याला ७७ मिलिलिटर आणि ५४ ठोक्यांत तितकेच ४.२ लिटर. ईएफ खाली आहे, पण शरीराला रक्त तेवढेच मिळते. शंका उरल्यास श्रम करतानाची इको करावी. निरोगी खेळाडूचा ईएफ श्रमात स्पष्टपणे वर चढतो, आजारी स्नायूचा चढत नाही. विश्रांतीतील ईएफ ४५ च्या खाली असेल तर मात्र त्याला सरावाचे नाव देऊन मोकळे होऊ नये.

माझ्या मते संपूर्ण अहवालातील सर्वांत बोलका आकडा टिश्यू डॉप्लरचा असतो, आणि वाचताना बहुतेकांची नजर नेमकी तिथूनच पुढे सरकते. प्रसरणाच्या आरंभी स्नायू किती वेगाने सैल होतो ते तो दाखवतो: पडद्याच्या बाजूला सेकंदाला ७ सेंटिमीटरहून आणि बाहेरच्या भिंतीला १० सेंटिमीटरहून अधिक वेग अपेक्षित असतो, आणि तरुण खेळाडूत तो सहसा याच्याही बराच वर असतो. सरावाने जाड झालेला स्नायू चपळपणे सैल होतो; आजाराने जाड झालेला ताठर राहतो. स्ट्रेनचेही तसेच आहे. तो सुमारे २० टक्के असावा. १५ च्या खाली आल्यास अधिक तपास हवा. उजवे निलय, डावे अलिंद (हृदयाचा वरचा डावा कप्पा) आणि अधोमहाशीर (शरीराच्या खालच्या भागातले रक्त हृदयाकडे आणणारी मोठी शीर) हेही धावपटूत प्रशस्त दिसतात, आणि झडपांतून किरकोळ उलट गळती दिसणे सामान्य आहे. महाधमनीचे मूळ मात्र सरावाने फारसे वाढत नाही. पुरुषांत ४० आणि स्त्रियांत ३४ मिलिमीटरपेक्षा ते मोठे असल्यास कारण शोधलेच पाहिजे.

१३ ते १५ मिलिमीटरचा संशयाचा पट्टा

हृदयस्नायू आनुवंशिक कारणाने जाड होण्याचा आजार साधारण ५०० माणसांत एकाला असतो आणि तरुण खेळाडूच्या अचानक मृत्यूच्या प्रमुख कारणांत त्याची गणना होते. प्रौढात १५ मिलिमीटर किंवा अधिक जाडी, इतर कारण नसल्यास, या आजाराकडे बोट दाखवते. १९९१ च्या इटालियन अभ्यासात ९४७ अव्वल खेळाडूंपैकी केवळ १६ जणांची, म्हणजे १.७ टक्क्यांची, जाडी १३ किंवा त्याहून अधिक होती आणि ते जवळजवळ सर्व नौकानयन व कॅनोइंग करणारे होते. त्याच गटाने तपासलेल्या ६०० महिला खेळाडूंत एकीचीही जाडी १२ च्या पुढे गेली नाही. तेव्हा भरतीची तयारी करणाऱ्या मुलीची १३ मिलिमीटर जाडी सरावाच्या नावावर घालता येत नाही. आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलाबाबतही हाच सावधपणा हवा.

संशय असेल तेव्हा पोकळीकडे पाहावे. आजारात ती बहुधा ४५ मिलिमीटरपेक्षा लहान असते, सरावात ५५ च्या पुढे. जाडी एकाच भागात आहे की सर्वत्र सारखी, ईसीजीत टी लहरी उलट्या आहेत का, हेही पाहिले जाते. एमआरआय आणि भावंडांची व आईवडिलांची इको ही पुढची पायरी होय. यातूनही निर्णय न झाल्यास सुमारे तीन महिने सराव पूर्ण थांबवून पुन्हा मोजतात. ऑलिम्पिक खेळाडूंच्या १९९३ मधील एका लहान अभ्यासात विश्रांतीनंतर भिंती २ ते ५ मिलिमीटरने उतरल्या होत्या. आजारात त्या उतरत नाहीत. भरतीच्या वर्षात तीन महिने थांबणे जड जाते, याची जाणीव ठेवूनही ही अट शिथिल करू नये असेच सांगावे लागेल. पोकळीचे मात्र वेगळे आहे: पूर्वी खूप मोठी झालेली पोकळी खेळ सोडून अनेक वर्षे झाल्यावरही सुमारे पाचातील एकात तशीच राहिलेली आढळली आहे.

खानदेशात विशेष पाहायच्या गोष्टी

सातपुड्याच्या पट्ट्यात, विशेषतः नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांतील भिल्ल, पावरा आदी समाजांत सिकलसेलचे, म्हणजे तांबड्या रक्तपेशींच्या आनुवंशिक दोषाचे, प्रमाण लक्षणीय आहे. शिवाय मुलींमध्ये लोहाच्या कमतरतेचा पंडुरोग सर्वत्रच आढळतो. हिमोग्लोबिन कमी असले की हृदयाला तेवढाच प्राणवायू पुरवण्यासाठी अधिक रक्त फिरवावे लागते आणि पोकळ्या विस्फारतात. इकोच्या पडद्यावर हे चित्र धावपटूच्या हृदयासारखे दिसते. फरक नाडीत सापडतो: सरावाने मोठे झालेले हृदय विश्रांतीत संथ चालते, पंडुरोगाने मोठे झालेले जलद. म्हणून पोकळी मोठी आणि नाडी ९० असेल, तर आधी हिमोग्लोबिन पाहावे आणि सिकलसेलच्या प्राथमिक सोल्युबिलिटी चाचणीत दोष दिसल्यास पुढची निश्चितीची तपासणी करून घ्यावी. सिकलसेलचा आजार असणाऱ्यांत त्रिदल झडपेतून (उजव्या अलिंद-निलयामधल्या झडपेतून) उलट येणाऱ्या प्रवाहाचा वेग सेकंदाला २.५ मीटर किंवा अधिक असणे ही धोक्याची खूण मानली जाते. नुसते वाहक असणाऱ्याची इको सहसा सामान्य असते. परंतु उन्हात, पाणी न पिता, एकदम जोरात धावल्यास असा खेळाडू कोसळू शकतो, आणि प्रशिक्षकाला हे माहीत असणे आवश्यक आहे.

लहानपणी सांधे सुजून ताप आल्याचा इतिहास असेल तर मायट्रल झडप (डाव्या अलिंद-निलयामधली झडप) बारकाईने पाहून घ्यावी. संधिवाताच्या तापाने झडप आखडली असल्यास डावे अलिंद मोठे होते, आणि तेही सरावाचेच समजले जाण्याचा धोका असतो.

इकोने जे दिसत नाही

हृदयाच्या विद्युत्प्रवाहातील दोष इकोत दिसत नाहीत. त्यांसाठी ईसीजी लागतो. हृदयधमन्यांतील अडथळाही विश्रांतीच्या इकोत लपून राहतो, त्यामुळे चाळिशीनंतर धावू लागलेल्या, मधुमेह असलेल्या किंवा तंबाखू खाणाऱ्या व्यक्तीने सामान्य इकोवर विसंबू नये आणि श्रमचाचणीबद्दल डॉक्टरांशी बोलावे. धावता धावता शुद्ध हरपली, छातीत दाटून आले किंवा अकारण धडधड झाली, तर अहवाल कितीही चांगला असला तरी तज्ज्ञाने पुन्हा तपासेपर्यंत सराव थांबवावा. धावणे संपवून थांबल्यावर आलेली चक्कर बहुधा पायांत रक्त साचल्याने येते आणि तितकी गंभीर नसते. पळत असतानाची मात्र गंभीर मानावी, आणि डॉक्टरांना हा फरक न विसरता सांगावा.

अहवालाबरोबर चित्रफीतही सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर मागून घ्यावी, कारण दुसरे मत घेताना छापील आकड्यांपेक्षा तीच अधिक उपयोगी पडते. फेरतपासणी शक्यतो त्याच यंत्रावर, त्याच तंत्रज्ञाकडून आणि सरावाच्या त्याच टप्प्यावर करावी. दोन अहवालांत एक-दोन मिलिमीटरचा फरक दिसल्यास तो हृदयाचा नसून मोजमापाचा असण्याची शक्यता अधिक असते, म्हणून अशा वेळी दोन्ही चित्रफिती शेजारी लावून एकाच व्यक्तीकडून पुन्हा मोजून घ्याव्यात.